एकोडीने विद्यापीठ दत्तक घ्यावे

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातील एकोडीच्या ग्रामसभेपुढे आमची एक नम्र सूचना आहे : गावाने एक विद्यापीठ दत्तक घ्यावे. खर्च फारसा नाही. एक सतरंजी, दोन वेळचा भात आणि थोडा संयम, एवढ्यावर भागेल.

आजवर उलटे चालत आले. 2014 मध्ये उन्नत भारत अभियान निघाले. त्यात सामील झालेल्या संस्थेने किमान पाच गावे घ्यायची असतात. आपण दत्तक गेलो हे गावाला बहुधा फलक लागल्यावर कळते. त्याआधी 1969 मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली. 1977 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केले की अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे अंग आहे. हे अंग वर्षातून सात दिवस, शिबिरापुरते, हलते. पहाटे प्रभातफेरी, दुपारी शोषखड्डा, रात्री बौद्धिक आणि आठव्या दिवशी अहवाल. पोरे गुणी असतात, खड्डा मनापासून खणतात; त्यांच्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती अहवालातल्या ‘ग्रामस्थांमध्ये जागृती झाली’ या वाक्याविषयी. ग्रामस्थ चारलाच जागे झालेले असतात. प्रभातफेरी सहाला निघते.

पुढे आजीवन अध्ययन. शैक्षणिक सत्र सुरू होते आणि नेमकी तेव्हाच रोवणी लागते. सकाळपासून बांधीत वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाईला संध्याकाळी ‘वेळेचे व्यवस्थापन’ शिकवायला शहरातून तज्ज्ञ येतात, तेही दीड तास उशिरा. शिवाय 2022 पासून उल्लास हा नवसाक्षरता कार्यक्रम आहे. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50 गुण. बचत गटाचे व्याज तोंडी सांगणाऱ्या आजीही पेपराला बसायला तयार असतात. त्यांचा सवाल एवढाच : “पेपर देतो जी, पन धान मोजताना काटा कसा पाहाचा, ते बी शिकवा ना!” काट्याची पावती, सातबारा, पीक विम्याचा अर्ज हे विषय अभ्यासक्रमात यायला समितीची बैठक लागते. ती पुढच्या सत्रात.

विद्यापीठाला गावाकडून काही शिकण्यासारखे आहे का, असा प्रश्न कोणी विचारलाच तर उत्तर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. 1983 मध्ये त्यांना धानाच्या बांधीत काही ओंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, दरवर्षी निवडून लावल्या आणि बारीक दाण्याचा नवा वाण उभा केला. बाजारात त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी म्हणू लागले. 1994 मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले. 1998 मध्ये विद्यापीठाचा वाण आला. नाव पीकेव्ही एचएमटी. नावात विद्यापीठ आले, घड्याळही आले. दादाजी तेवढे राहिले. 2018 मध्ये ते वारले, पण तो तांदूळ आजही विदर्भात घरोघरी शिजतो. सहकार्य कसे असते ते यावरून कळावे : गावाने बियाणे द्यायचे, विद्यापीठाने आद्याक्षरे.

भंडाऱ्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचेही तेच. कोहळी समाजातल्या लोकांनी ते शेकडो वर्षांपूर्वी बांधले, कोणाकडे स्थापत्याची पदविका नव्हती. पाण्याचा उतार बघून पाळ कुठे घालायची हे त्यांना कळत होते. मासेमारी करणाऱ्या ढिवरांना कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो हे आजही तोंडपाठ आहे. यावर प्रबंध होतात. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक, ग्रंथपाल, टंकलेखक आणि आईवडील असतात.

गंमत म्हणजे एकोडी ज्या नागपूर विद्यापीठाच्या हद्दीत येते, त्याला 2005 पासून तुकडोजी महाराजांचे नाव आहे. महाराजांचे शालेय शिक्षण जेमतेम. त्यांनी खंजिरी घेऊन गावोगाव प्रौढांना शिकवले, आणि हजेरीपट, छायाचित्र, खर्चाचे प्रमाणक यांपैकी कशाचीही मागणी केल्याची नोंद नाही. आजच्या नियमांत त्यांचा वर्ग अनुदानास अपात्र ठरला असता.

म्हणून दत्तकविधानाच्या अटी अशा ठेवाव्यात. प्राध्यापकांनी सात दिवस नव्हे, नांगरणीपासून चुरण्यापर्यंत यावे. पहिल्या हंगामात बोलू नये. दुसऱ्या हंगामात प्रश्न विचारावेत. तिसऱ्यात काही सांगायचे असेल तर ते साकोलीच्या बाजारात उभे राहून सांगून बघावे. लोक थांबले तर ती पदवी. शोधनिबंधात गावातल्या माणसाचे नाव लेखकांच्या रांगेत यावे, ‘एक स्थानिक शेतकरी’ म्हणून नव्हे. आणि वाणाचे नाव ठेवायचे असेल तर आधी ग्रामसभेला विचारावे.

इच्छुक विद्यापीठांनी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी साध्या कागदावर अर्ज करावा. येताना फलक आणू नये, डबा आणावा.