सांगता येत नाही, एनडीए आहे

मे महिना लागला की पुण्यात आंब्याच्या पेट्यांबरोबर हाही दिसू लागतो. वय पंधरा, फार तर सोळा. दहावीची परीक्षा देऊन झालेली, निकाल लागायचा बाकी. गळ्यात निळा पट्टा आणि त्याला लटकलेलं कार्ड, तेही उलटं, म्हणजे त्यावरचं 'व्हिजिटर' कोणाच्या नजरेस पडू नये. हा हिंजवडीतल्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत इंटर्न असतो. तुमच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, मावशीकडच्या मुंजीत तो तुम्हाला भेटलेला आहे. 'काय रे, काय काम करतोस तिथे?' असं सहज विचारावं, तर तो मोबाइलमधून मान वर काढतो, आसपास कोणी ऐकत नाही ना याची खात्री करतो आणि खालच्या पट्टीत म्हणतो, 'काका, सांगता येत नाही. एनडीए आहे.' त्याच्या आजीला एनडीए म्हटलं की खडकवासला आठवतं. नातू सैन्यात गेला आणि आपल्याला कोणी बोललं नाही, म्हणून ती दोन दिवस रुसून बसते.

गोपनीयतेच्या या कराराची व्याप्ती किती, हे कंपनीच्या वकिलालाही सुचलं नसेल. कॅन्टीनमध्ये आज भाजी कुठली होती? एनडीए. साहेब मराठी आहेत का? एनडीए. कंपनीची बस कुठे थांबते? तेही एनडीए, आणि ती बस कंपनीचं नाव हातभर अक्षरांत मिरवत रोज सकाळी वाकड पुलाखालून जात असते. प्रत्यक्षात त्याला दिलेलं काम असं असतं : वेबसाइटवरचा एक फॉर्म, समोर एक एक्सेल शीट. फॉर्ममध्ये मुद्दाम चुकीची माहिती भरायची. पिनकोड पाचच आकडी टाकायचा, जन्मतारीख ३१ फेब्रुवारी द्यायची, आडनावाच्या जागी मोबाइल नंबर लिहायचा. फॉर्मने हरकत घेतली तर शीटमध्ये 'पास', मुकाट्याने गिळलं तर 'फेल'. या शीटसाठी त्याच्याकडून जो करार लिहून घेतात, त्याची कायद्यातली किंमत तर आणखी मौजेची. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्यातल्या अकराव्या कलमाप्रमाणे अज्ञान व्यक्तीला करार करताच येत नाही, आणि अठरा पूर्ण होईपर्यंत आपला इंटर्न कायद्याच्या लेखी अज्ञान. अशा व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबीच्या खटल्यात १९०३ साली सांगून ठेवलं आहे. काही कंपन्या शहाणपणाने वडिलांचीही सही घेतात. वडील ती न वाचता करतात.

इथवर हसून झाल्यावर एक गोष्ट लक्षात येते. या मुलात हसण्यासारखं जे जे आहे ते सगळं मोठ्यांनी दिलेलं आहे, आणि त्याचं स्वतःचं जे आहे त्याची दखल कोणी घेत नाही. गळ्यातला पट्टा लग्नाकार्यातही न काढण्याची रीत त्याने शोधलेली नाही. हिंजवडीत ती वीस वर्षं जुनी आहे. 'कॉलवर आहे' म्हणून पाहुण्यांना हातानेच थांबवणं तो बाबांकडून शिकला. ही इंटर्नशिपही त्याने मिळवलेली नसते. मामाचा बॅचमेट तिथे डिलिव्हरी हेड असतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे काम शिकावं. अशी संधी बारावीपर्यंत सुट्ट्यांमध्येही देता येईल. पण सुताराकडे रंधा मारायला शिकलेल्या मुलाची आई सोसायटीच्या ग्रुपवर काय टाकणार? लिंक्डइनवर खातं उघडायला वयाची सोळा वर्षं लागतात, म्हणून पंधरा वर्षांच्या इंटर्नची कीर्ती बाबांच्या खात्यावरून पसरते : 'प्राउड फादर मोमेंट.' परदेशी शिक्षणाचा बेत असेल तर अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांना चालणारा 'कॉमन अॅप' हा अर्ज असतोच. त्यात शाळेबाहेरचे दहा उद्योग मांडता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं. त्या १५० अक्षरांत फॉर्म, पिनकोड आणि ३१ फेब्रुवारी यांचं 'क्वालिटी इंजिनिअरिंग' होतं. आजीपासून लपवलेलं गुपित ॲडमिशन ऑफिसरला सांगताना एनडीए आड येत नाही.

यावर मामा स्टीव्ह जॉब्ज काढतो. मामा तो काढणारच. बारा वर्षांचा जॉब्ज एचपीत कामाला होताच की! होता. पण त्याने ती हकिकत जशी सांगितली आहे तशी पुरती ऐकावी. त्याला फ्रीक्वेन्सी काउंटर बनवायचा होता आणि सुटे भाग हवे होते. त्याने टेलिफोनच्या डिरेक्टरीत एचपीचे सहसंस्थापक बिल ह्युलेट यांचा नंबर शोधला आणि थेट फोन लावला. ह्युलेट हसले, त्यांनी भाग दिले आणि त्या उन्हाळ्यात कामावरही घेतलं. काम कोणतं, तर असेंब्ली लाइनवर नट आणि बोल्ट बसवायचं. म्हणजे आधी मुलाला काहीतरी करायचं होतं, मग अडलं, मग फोन केला आणि शेवटी नोकरी आली. आपल्याकडे आधी नोकरी येते, मग सर्टिफिकेट, आणि मुलाला काय करायचंय हे विचारायचं राहून जातं. जॉब्जचं उदाहरण द्यायचंच, तर मामाने फोन खाली ठेवावा आणि भाच्याला तो करू द्यावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ही बालमजुरी नव्हे का? नव्हे. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला कामाला लावणं बालमजुरीविरोधी कायद्यातल्या २०१६च्या दुरुस्तीनंतर, घरचा उद्योग वगैरे मोजके अपवाद सोडले, तर सरसकट बंद झालं. चौदा ते अठराच्या मुलांना धोकादायक कामं वर्ज्य आहेत. एक्सेल शीट अजून त्या यादीत आलेली नाही. शिवाय इथे कष्ट उपसतो तो त्याच्यावर नेमलेला बिचारा 'मेंटॉर'. स्वतःचं काम रात्रीवर ढकलून तो दिवसा याला 'ब्राउझरची कॅश साफ कर' हे सांगत असतो. अन्याय झालाच असेल तर त्या मुलावर, ज्याचा मामा एसटीत कंडक्टर आहे. त्यालाही कॉम्प्युटर आवडतो, त्याचीही परीक्षा मार्चमध्येच संपली, पण त्या इमारतीच्या गेटवर त्याचं नाव सांगणारं कोणी नाही.

मग हा सगळा फार्स बंदच करावा? असं वाटत असतानाच हा मुलगा आडवा येतो. त्याला दिलेलं काम तो मनापासून करतो. सराईत माणूस फॉर्म जसा भरायला हवा तसा भरतो. हा मात्र आपली आजी जसा भरेल तसा भरून बघतो. नाव मराठीत टाकतो आणि फॉर्म अडतो. आडनावाआधी वडिलांचं नाव लिहावं की नवऱ्याचं, हे आजीला कळणार कसं, असं तो मीटिंगमध्ये विचारतो. पदवीधर मंडळी एकमेकांकडे बघतात, कारण हा प्रश्न कोणाच्या शीटमध्येच नसतो. आणि तो एनडीए! सगळी कंपनी ज्या कागदावर शेवटचं पान उघडून सही करते, तो याने पहिल्या ओळीपासून वाचलेला असतो. बाकीचे गुपितं चहाच्या टपरीवर खुशाल वाटतात. हा भाजीचं नावही सांगत नाही. त्याच्या सहीला कायद्यात किंमत नाही. त्याने दिलेल्या शब्दाला त्याच्यापुरती आहे. अर्जातली १५० अक्षरं बाबांनी लिहिलेली असतात, आणि ती वाचताना त्याचे कान लाल होतात. नोकरी लागल्यावर पाच-सात वर्षांत तोही शेवटचं पान उघडून सही करायला शिकेल. तोवरचा हा काळ थोडा आहे.

तेव्हा पुढच्या मे महिन्यात कंपन्यांनी इतकं करावं. रद्दबातल कराराचा कागद पुढे करण्याऐवजी काय बोलायचं आणि काय नाही हे मुलाला समोर बसवून सांगावं; तो पाळतो. सर्टिफिकेट द्यायचंच तर त्यात त्याने शोधलेली चूक लिहावी. मामांच्या भाच्यांसाठी दोन खुर्च्या ठेवल्या असतील, तर आणखी दोन जवळच्या महापालिकेच्या नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेला कळवाव्यात. आणि वाचकहो, लिफ्टमध्ये तो भेटलाच, तर काम काय करतोस हे विचारू नका. कोणती चूक सापडली ते विचारा. एनडीए असला तरी एवढं तो सांगेल.