चार इंची!

सावेडीत कुणाच्याही नव्या फ्लॅटची वास्तुशांत असो, नाना तीर्थप्रसादाआधी भिंतीपाशी जातात. बोटाच्या पेराने टकटक करतात, कान लावतात आणि यजमानाला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात म्हणतात, "चार इंची!" मग हॉलमधली पश्चिमेची अख्खी काच न्याहाळतात. "छान. कुरडया वाळतील."

नाना माळीवाड्यातल्या वाड्यात वाढले. वाडा कधीच बिल्डरकडे गेला, पण नानांच्या तोंडी तो अजून शाबूत आहे. पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंती, वर तुळया, किलचण, त्यावर मातीचं माळवद आणि धूर-ऊब बाहेर पडायला सवणं. "दिवसभराचं ऊन भिंत पिते. ते आत पोचेतो रात्र होते. आणि रात्री आपण असतो कुठे? माळवदावर!"

"आणि दर उन्हाळ्यात त्या माळवदावर मातीची घमेली कोण चढवायचं, तेही सांगा," नानी आतून म्हणतात.

अशा वेळी नाना फऱ्याबागेकडे वळतात. निजामशाहीतला १५८३ चा महाल, भोवती तलाव, पाण्यावरून येणारा वारा थेट उंच दालनांत. "निजामशहाकडे कंप्रेसर होता का?" निजामशहाकडे अख्खा तलाव होता, आपल्याकडे पाण्याचा टँकर आहे, हे नानांना सांगण्यात अर्थ नसतो. ते लगेच कापूरवाडीहून शहरात पाणी आणणाऱ्या खापरी नळांवर येतात, आणि मग जेवण थंड होतं.

गंमत म्हणजे माणूस चुकीचं बोलत नाही. मागच्या मार्चात सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून त्यांनी गच्चीला चुना मारून घेतला. पांढऱ्या गच्चीवरून ऊन परत जातं, एवढा साधा हिशेब. चुना धरून राहावा म्हणून त्यात फेविकॉल ओतला, तो कुठल्या परंपरेत बसतो ते कुणी विचारलं नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी मात्र कबूल केलं, की यंदा दुपारी पंख्याचा वारा भाजत नाही. तेव्हापासून नाना रोज दुपारी "छत तपासायला" त्यांच्याकडे जातात आणि ताक पिऊन येतात.

नानांच्या स्वतःच्या बेडरूममध्ये एसी आहे. "मुलानं बसवलाय. त्याचं मन कसं मोडायचं?" तो बावीसवर लावतात आणि वर नानींच्या जुन्या लुगड्याची गोधडी ओढून घेतात. तीही पारंपरिकच.