दामाजीपंत चालू लागले

आइंडहोव्हन, रविवार

ती. आई-आप्पांना सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. फक्त आमच्या हॉलमध्ये सध्या अनवाणी फिरता येत नाही. त्याचं असं झालं.

इथले एक गृहस्थ, थिओ यान्सन, 1990 पासून प्लास्टिकच्या नळ्यांचे प्राणी बनवतात. ना मोटर, ना सेल; वारा सुटला की गोमेसारखे पाय टाकत समुद्राच्या वाळूतून चालतात. ते पाहून चिनू म्हणाली, "बाबा, आपणही चालणारा रोबो करू." बाबा म्हणाले, "त्यात काय!" आई, हे दोन शब्द ऐकले की मी आधी ओट्यावरची काचेची भांडी उचलते.

आइस्क्रीमच्या काड्या, दोन पेन्सिल सेल आणि दोन्ही बाजूंनी दांडा निघालेली पिवळी बीओ मोटर. दांड्यांवर काड्या बसवल्या, झाले पाय. बटण दाबताच दोन्ही पाय एकदम पुढे आले आणि स्वारी तोंडावर. ह्यांनी तासभर मोटरीला दोष दिला. शेवटी चिनूच म्हणाली, "बाबा, आपण असे चालतो का?" मग एक काडी अर्धा फेरा फिरवून लावली; एक पाय पुढे तेव्हा दुसरा मागे.

तरी दोन पावलांत आडवा. सेल डोक्यावर बांधलेले! भरलेली घागर डोक्यावर दिली तर आपला ओम तरी उभा राहील का? सेल पोटाशी आणले. आता पावलं जड हवी होती. आप्पा, पुढचं वाक्य मन घट्ट करून वाचा. आईंनी बॅगेत कोंबलेली मालदांडी बाटलीच्या बुचांत भरली. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी, रोबोच्या बुटांत!

पण चालला हो! ठक-ठक करत सोफ्यापासून फ्रिजपर्यंत. वाटेत बुचावरची चिकटपट्टी सुटली आणि पावलोपावली ज्वारी सांडत गेली. मी म्हटलं, "अगबाई, दामाजीपंतांनी कोठार उघडलं!" तेच नाव पडलं. रात्री मुलांना दुष्काळात बादशहाचं धान्य लोकांना वाटणाऱ्या दामाजीपंतांची आणि त्यांच्यासाठी बीदरला जाऊन पैसे भरणाऱ्या विठ्ठलाची सगळी गोष्ट सांगावी लागली.

ओमनं विचारलं, "मग आपली ज्वारी कोण भरून देणार?"

चिनू म्हणाली, "आप्पा."

तेव्हा आप्पा, सुगी झाल्यावर इकडे याल, तेव्हा पुरचुंडी जरा मोठी बांधा.

आपली सूनबाई