हजार ग्रॅमचा चाप

"अगं, तुमच्याकडे पिस्तूल आलंय म्हणे?"

काकूंची कुजबूज तीन घरांना ऐकू जाते. हातात शेवग्याच्या शेंगा, मधे तारेची जाळी. आमच्या ओळीत कुठलीही बातमी आधी काकूंना कळते, मग घडते.

"आलं होतं, गेलंही. पुतणी स्पर्धेला जाताना एक रात्र राहिली ना, तिचं."

"तरीच! माझी नणंद म्हणाली, पालघरला तुमच्या दिरांकडे पोलीस आले होते. मी म्हटलं, पोरीने काही केलं की काय!"

"काही केलेलं नाही ना, तेच बघायला आले होते. परवान्याआधी चौकशी होते. एकवीस पूर्ण लागतात, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. वसई-विरारला राहत असती तर पोलीस आयुक्तांकडे करावा लागला असता."

"पण पोरीच्या जातीला कट्टा कशाला गं?"

कट्टा! हायवेवर पकडतात तो गावठी कट्टा आणि आमच्या पोरीचं पॉइंट टू टू यांत काकूंच्या लेखी फरक नाही. मी म्हटलं, अहो, हे खेळाचं. पंचवीस मीटरवर उभं राहून, एका हातात धरून मारायचं. दुसरा हात खिशात घातला तरी चालतो.

"आणि धडाधड सुटतं ना? ऑटोमॅटिक?"

"सेमी. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने बोल्ट मागे जातो, रिकामं कवच बाहेर फेकतो, आणि परत येताना मॅगझिनमधली पुढची गोळी आत ढकलतो. एवढंच आपोआप. चाप मात्र दर गोळीला नव्याने दाबायचा. मॅगझिनमध्ये पाचच गोळ्या."

इथे काका आतून आले. तारापूर एमआयडीसीत टूलरूममध्ये नोकरी झालेला माणूस; बोल्ट हा शब्द कानावर पडला की टीव्ही बंद करून बाहेर येतो.

"ट्रिगर जड आहे का? आणून दे मला. ऑइलस्टोनवर दोन हात मारतो, लोण्यासारखा करून देतो."

"काका, तुम्ही हात लावलात तर तुम्ही आत आणि पोरीचा परवाना रद्द. शस्त्र कायदा १९५९ चा. बंदूक दुरुस्त करायलासुद्धा वेगळा परवाना लागतो."

"दुरुस्तीला परवाना?" काकांचा चेहरा असा पडला की मला वाईट वाटलं.

"आणि हलका करून उपयोगही नाही. या प्रकारात चापाला कमीत कमी हजार ग्रॅम वजन पेलता आलं पाहिजे. पिस्तूल नळी वर करून उभं धरतात, चापाला एक किलोचं वजन अडकवतात आणि उचलतात. वजन उचललं गेलं तर पास. उचलायच्या आधीच घोडा पडला तर ते पिस्तूल चालणार नाही."

"म्हणजे गो-नोगो गेज!" काका एकदम खुलले.

"तेच. शिवाय ३० बाय १५ बाय ५ सेंटिमीटरची पेटी असते, अख्खं पिस्तूल तिच्यात मावलं पाहिजे. वजन चौदाशे ग्रॅमच्या आत. स्पर्धा झाल्यावर पुन्हा कुणालाही तपासणीला बोलावतात, आणि तेव्हा चाप हलका निघाला तर थेट बाद. एअर पिस्तुलाला पाचशे ग्रॅमवर भागतं, याला पूर्ण हजार."

"मग ट्यूनिंग कसलं करतात?"

हा प्रश्न मी पुतणीलाही विचारला होता, तेव्हा तिने अर्धा तास घेतला. काकांना थोडक्यात सांगितलं. हजार ग्रॅम कुठे आणि कसे येतात ते आपल्या हाती असतं. चापाचे दोन टप्पे. पहिल्या टप्प्यात सातशे-आठशे ग्रॅम उचलून घ्यायचे, मग बोटाला भिंत लागते. त्या भिंतीपाशी उरलेले दोनशे-तीनशे. कुणाला ती भिंत काचेसारखी तुटणारी आवडते, कुणाला हळूहळू सरकणारी. भिंतीपलीकडे चाप किती पुढे जाऊन थांबावा यालाही स्क्रू आहे. चांगल्या इटालियन किंवा जर्मन पिस्तुलात हे सगळं छोट्या ॲलन-कीने होतं, घासायचं काहीच नसतं.

"पाव फेरा फिरवायचा आणि महिनाभर तसंच मारायचं," असं तिच्या सरांचं म्हणणं. रोज स्क्रू फिरवणारा नेमबाज सरांना आवडत नाही.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "चालत्या मशीनला पाना लावू नये."

घासायची हौस फिटते ती मुठीवर. मूठ अक्रोडाच्या लाकडाची असते, बाजारातून येते तेव्हा कुणाच्याच हाताची नसते. पोकळी राहील तिथे लाकडाची पुट्टी भरायची, वाळली की कानस, मग पॉलिश पेपर. डोळे मिटून हात वर केला आणि उघडले, तर पुढची माशी मागच्या खाचेच्या बरोबर मधोमध दिसली पाहिजे. नाही दिसली तर मूठ चुकली. फक्त मनगटाला टेकू मिळता कामा नये, असा नियम आहे. यात परवान्याचं काही आडवं येत नाही, म्हणून मी काकांना म्हटलं, पुढच्या खेपेला मूठ काढून देते, कानस काढून ठेवा. माणूस दहा वर्षांनी तरुण दिसला.

काकूंना यात काडीचा रस नव्हता. त्यांना दुसरीच काळजी. "मधेच अडकलं तर गं?"

अडकतं ना! अर्ध-स्वयंचलित पिस्तुलाचं सगळं दुखणं तिथेच. गोळीतली दारू आणि मागची स्प्रिंग यांचं जमावं लागतं. स्प्रिंग कडक आणि गोळी मवाळ, तर बोल्ट पुरता मागे येत नाही, रिकामं कवच दारात अडकून उभं राहतं. उलटं झालं तर धक्का वाढतो आणि पुढच्या गोळीला नळी जागेवर यायला उशीर. म्हणून खेळाच्या गोळ्या आवाजापेक्षा कमी वेगाच्या, आणि त्यातही लॉट बघून घेतलेल्या. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटच्या गोळ्या एकाच पिस्तुलातून वेगळ्या बसतात. गोळ्या परवान्यावर, मोजून मिळतात. त्यातल्या काही केवळ लॉट तपासण्यात जातात, याचं पुतणीला फार वाईट वाटतं.

आणि अडकलं की स्वतः खटपट करायची नाही. पिस्तूल समोरच धरून दुसरा हात वर करायचा, पंच येऊन बघतात. दोष पिस्तुलाचा किंवा गोळीचा असेल तर सवलत. सेफ्टी काढायला विसरलात, मॅगझिन भरलंच नाही, किंवा पंच यायच्या आत बोल्ट उघडलात, तर दोष तुमचा, गेलेले गुण गेले. वेगाच्या फेरीत तर श्वास घ्यायला वेळ नसतो. हात पंचेचाळीस अंशांत खाली, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत उचलून एक गोळी, मग सात सेकंद लाल. असं पाच वेळा.

"ती मनू भाकर," काकू म्हणाल्या, "तिचंही काहीतरी मोडलं होतं ना?"

मोडलं होतं. टोकियोला, २०२१ मध्ये, तेही एअर पिस्तूल. ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं घेतली तेव्हा सगळ्यांना टोकियो आठवलं.

पण आपल्या लोकांना मनू ठाऊक आणि कोल्हापूरची राही विसरली, याचा मला राग येतो. राही सरनोबत. २२ ऑगस्ट २०१८, पालेम्बांगचे आशियाई खेळ, हाच पंचवीस मीटरचा प्रकार. पात्रता फेरीत मनू ५९३ गुणांनी पहिली होती, अंतिम फेरीत ती सहावी गेली. राही आणि थायलंडची मुलगी चौतीस-चौतीस. तिथे दशांशाची गंमत असते: १०.२ च्या आत बसली तरच गोळी मोजतात, नाहीतर शून्य. बरोबरी सोडवायला पाच गोळ्या, पुन्हा चार-चार. मग आणखी पाच, आणि त्यात राही तीन, ती दोन. आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण घेणारी पहिली भारतीय बाई आपली मराठी आहे, काकू!

"करते काय आता?"

"उपजिल्हाधिकारी आहे."

काकूंच्या हातातली शेंग थांबली. "उपजिल्हाधिकारी? पिस्तुलावर?" पोरीच्या जातीला कट्टा कशाला, हा विषय त्या क्षणी संपला. पुढचे प्रश्न नातीसाठी होते.

मधेच काकांनी इतिहास काढला. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने आपल्या तारापूरच्या कोटाला वेढा घातला, तेव्हा आप्पांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर बंदुकीच्या गोळीनेच पडले. मुलखाला बंदूक नवी नाही, हे काकांचं म्हणणं. खरंय. पण मुलखाची हवा बंदुकीला मानवत नाही. समुद्र इकडे, केमिकलच्या चिमण्या तिकडे. आमच्या बोईसरात सायकलची चेन पावसाळा काढत नाही, तिथे पिस्तुलाची नळी. चामड्याच्या पाकिटात ठेवायचं नाही, ओल धरतं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि तेलाचा हात अगदी पुसट. जास्त तेल झालं की दारूची काजळी त्यात कालवून चिखल होतो आणि बोल्ट मंदावतो.

"आणि निवडणूक आली की?" काकूंचा शेवटचा बाण. "आमच्या भावाची बंदूक दरवेळी ठाण्यात जमा करायला लावतात."

राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सभासद खेळाडूंना स्पर्धेसाठी त्यातून सूट मिळते, पण कागद दाखवावे लागतात. पुतणीची एक फाइल कायम तयार असते. डहाणू लोकलने वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जाताना पिस्तूल रिकामं, पेटीला कुलूप, गोळ्या वेगळ्या, आणि फाइल हातात. फाइल पिस्तुलापेक्षा जड आहे असं माझे दीर म्हणतात.

काकूंची नात चौदाची आहे. त्यांना मी सांगितलं तेच इथे सांगते. लाखांचं पॉइंट टू टू घ्यायचं मनातही आणू नका. दहा मीटरच्या एअर पिस्तुलापासून सुरू करा. पॉइंट वन सेव्हन सेव्हनचं आणि वीस ज्यूलच्या आतलं असेल तर त्याला परवाना लागत नाही. तेही लगेच विकत घेऊ नका. रेंजवरचं भाड्याने वापरा, वर्षभर जाऊ द्या. पोरगी दर आठवड्याला पहाटेच्या लोकलला न कुरकुरता उठली, तर मग पैशांचं बोलू.