शाईवाले काका

नागपूरच्या मनीषनगरात खड्ड्याबद्दल तोंड उघडायचं असेल तर आधी डाव्या हाताची तर्जनी दाखवावी लागते. असा कायदा कुठे नाही, पण शाईवाले काका आहेत. तुमच्याही सोसायटीत असतील. सकाळी दुधाची पिशवी घेऊन गेटवर उभे असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं नागरिकत्व तपासतात.

तुम्ही सहज म्हणता, "काका, अंडरब्रिजमध्ये पुन्हा पाणी भरलं." काका पाण्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. चष्म्यावरून पाहतात.

"मत दिलं होतं काय?"

"नाही, त्या दिवशी पुण्याला होतो."

"मग कशाला बोलून राहिले?"

विषय संपला. पाणी आहे तिथेच.

काकांची जडणघडण मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर झाली. तेव्हा ते इथेच भाड्याने राहायचे. फाटक पडलं की इंजिनं बंद आणि तोंडं सुरू. चूक कोणाची, याचा निकाल मालगाडी जाईपर्यंत लागलेला असे. गाडी लांबलचक असली तर चर्चा नगरसेवकापासून निघून पंतप्रधानांपर्यंत पोचायची, आणि शेवटचा डबा गेला की लोकशाही पहिल्या गिअरमध्ये पुढे सरकायची. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये वर्धा रोडवरचा डबलडेकर पूल खुला झाला. ३.१४ किलोमीटर लांब. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, डोक्यावर मेट्रो. मनीषनगरलाही रूळ ओलांडायची सोय झाली. लोकांचा वेळ वाचला आणि काकांचं व्यासपीठ गेलं. तेव्हापासून ते गेटवर आले.

मतदानाच्या दिवशी मात्र माणूस पाहण्यासारखा असतो. इस्त्रीचा सदरा, खिशात चिठ्ठी, आणि केंद्र उघडायच्या आधी रांगेत पहिला नंबर. बाहेर आले की बोटाचा फोटो. तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या-सासरच्या ग्रुपवर, शिवाय स्टेटसला. दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा त्याच बोटासकट येतात. नखावरची शाई नखाबरोबर पुढे सरकते, म्हणून काका त्या एका बोटाचं नख कापत नाहीत. काकू म्हणतात, "कणीक मळायला सांगितली की हेच बोट पुढे करतात."

१९ एप्रिल २०२४ चा लोकसभेचा दिवस त्यांना फार लागला. शुक्रवार होता, पुढे शनिवार-रविवार. अर्धी बिल्डिंग पचमढीच्या वाटेवर. जिल्हा प्रशासनाने 'मिशन डिस्टिंक्शन' काढून ७५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं. नागपूरकर ५४ टक्क्यांच्या आसपास थांबले. काकांनी तो निकाल पोटच्या पोराच्या मार्कशीटसारखा मनाला लावून घेतला. "डिस्टिंक्शन मागितलं तर सेकंड क्लास आणला बावा यांनी!" त्यानंतर पचमढीवाल्यांपैकी कोणी विजेचं बिल, गटार, मोकाट कुत्री यांतलं काहीही काढलं की काका फक्त एवढंच विचारत, "पचमढीला लाइट होती ना?"

त्या दिवशी अनेकांची नावंच यादीत नव्हती. काकांच्या न्यायात त्यांनाही माफी नाही. "आधी यादी पाहायला काय झालं होतं?" हे ते मोठ्या आवाजात बोलले आणि मागून काकू शांतपणे म्हणाल्या, "माझंही नाव नव्हतं. मग मी आता फक्त भाजीच्या भावाबद्दल बोलू की तेही नाही?" काकांनी त्या दिवसापुरतं न्यायदान स्थगित ठेवलं.

आता एक गोष्ट मी दबक्या आवाजात सांगतो, कारण गेट जवळ आहे. काकांनी आजवर एकही तक्रार केलेली नाही. अर्ज नाही, फोन नाही, दहा रुपयांचा माहिती अधिकार नाही. मत दिलं की आपलं काम झालं, पुढची पाच वर्षं ज्यांनी दिलं नाही त्यांना गप्प करायचं, अशी त्यांची कामाची वाटणी आहे. तक्रार करणारी मंडळी वेगळीच. चौथ्या मजल्यावर मिहानमध्ये नोकरी करणारा एक भाडेकरू आहे, त्याचं मत इंदूरला. आमच्या वॉचमनचं मत बालाघाटला. नववीतल्या एका पोरीला तर मतच नाही. बंद पडलेल्या दिव्यांचा अर्ज या तिघांनी मिळून लिहिला. पोरीचं अक्षर चांगलं, भाडेकरूला ऑफिसं माहीत, आणि कोणता दिवा किती वाजता विझतो हे वॉचमनशिवाय कोणाला ठाऊक असणार? काकांनी सही द्यायला नकार दिला. "यांतला एकही इथला मतदार नाही. अर्ज बाद होईल पाहा."

अर्ज बाद झाला नाही. होणारही नव्हता. आपल्या राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे, तोही संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत. 'मतदाराला' असं तिथे लिहिलेलं नाही. मी हे काकांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "हे लिहिणाऱ्यांनी मत दिलं होतं काय?" खरं सांगायचं तर प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता, संविधान सभेचे सदस्य काही सार्वत्रिक मतदानाने निवडलेले नव्हते. पण ही माहिती मी काकांच्या हाती दिली नाही.

काकांची खरी पंचाईत महापालिकेने केली. २०१७ च्या फेब्रुवारीत त्यांनी मत दिलं. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, आणि निवडणूक काही होईना. आरक्षण, प्रभागरचना, सुप्रीम कोर्ट, तारीख. प्रशासक कारभार पाहू लागले. मत द्यायला जागाच नाही, तर बोलायचा परवाना कोणाकडे? काकांच्या हिशोबाने एक तर सगळं शहर मुकं, नाही तर सगळं शहर मोकळं. जवळजवळ चार वर्षं ते या पेचात अडकून राहिले. शेवटी त्यांनी २०१७ च्या बोटाला आपणच मुदतवाढ दिली.

मग १५ जानेवारी २०२६ उजाडला. नऊ वर्षांनी महापालिकेचं मतदान! काका आदल्या दिवसापासून उपाशी असल्यासारखे तेजस्वी दिसत होते. मत दिलं, फोटो काढला, कोपऱ्यावर तर्री पोहे खाल्ले, हात धुतले आणि बोटाकडे पाहिलं. शाई फिकी. बाटलीतल्या शाईऐवजी बोटाला मार्कर लावला होता आणि तो पुसला जातो म्हणून त्या दिवशी राज्यभर आरडाओरड चालली होती. विरोधी पक्षांना बोगस मतदानाची चिंता होती. काकांची चिंता अधिक खोल होती. "म्हणजे आता उद्यापासून मी आणि तो पचमढीवाला एकच?" दुपारभर त्यांनी तो हात खिशात ठेवला. संध्याकाळी काकूंनी भांडी घासायला सांगितली तर म्हणाले, "आज नाही, पुरावा आहे."

पुरावा तीन दिवसही टिकला नाही. आणि नेमकी त्यानंतर घरटॅक्सची मागणी आली, त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त. आयुष्यात पहिल्यांदा काका तक्रार करायला निघाले. झोन ऑफिसात सोबत म्हणून मला नेलं. टेबलापलीकडच्या बाबूसमोर त्यांनी सवयीने बोट पुढे केलं.

"काय झालं बोटाला?" बाबूने विचारलं.

"मी मतदार आहे."

"हो का? इंडेक्स नंबर सांगा."

नंबर निघाला, कॉम्प्युटरवर घर निघालं. बाबूने मान वर केली. "हे तर बाईंच्या नावावर आहे."

होतंच. फ्लॅट घेताना बायकोच्या नावाने मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो, ही २०२१ पासूनची सवलत काकांनीच तर सगळ्या बिल्डिंगला समजावून सांगितली होती. बाबू नम्रपणे म्हणाला, "त्यांना सही करायला सांगा. अर्ज त्यांचाच लागेल."

घरी आल्यावर काकूंनी चष्मा लावला आणि अर्ज लिहायला घेतला. कराचा मुद्दा पहिल्या चार ओळींत संपवला. मग पान उलटून त्यांनी गटार घेतलं, कचऱ्याची गाडी घेतली, बेसा रोडचे खड्डे घेतले. काका मागे उभे राहून वाचत होते. कचऱ्याच्या गाडीपाशी त्यांना राहवलं नाही.

"अगं, पण त्यात हेही लिही ना, की ती गाडी मंगळवारी..."

काकूंनी पेन थांबवलं. "तुम्ही कशाला बोलून राहिले?"