गोठ्यातली फरशी दिवाणखान्यात!

अरे बाप्पा, काय दिवस आले! ज्या शहाबादी फरशीला केळापूर तालुक्यानं कधीकाळी नाक मुरडून घराबाहेर काढलं, ती आता पॉलिश मारून दिवाणखान्यात येऊन बसली आहे. तेव्हा मोरबीच्या टाइल्सचं वेड होतं. पांढरकवड्यात ज्याच्या घरी आरशासारखी टाइल नाही, त्याच्याकडे सोयरीक तरी कशी जुळवावी, अशी काळजी लोकांना पडायची. जुनी फरशी गेली बैलांखाली, न्हाणीत, नाहीतर विहिरीवर धुणं आपटायला. आता नागपूर-पुण्याला नोकरी करणारे चिरंजीव आर्किटेक्ट घेऊन गावी येतात आणि दोघं मिळून गोठ्यात शेण खरवडत बसतात. "काहून वो, फरशी कुठं चालली?" असं शेजारच्या काकूंनी विचारलं, तर उत्तर काय? "काकू, हा नॅचरल लाइमस्टोन आहे!" काकूंनी पदर तोंडाला लावला आणि संध्याकाळपर्यंत बातमी बसस्टँडपलीकडे पोचली.

आता तर घराघरांत पक्ष पडलेत. नवऱ्याला राजस्थानातल्या रामगंज मंडीकडचा हिरवट-निळा कोटा हवा. बायकोला तांदूरचा पिवळसर दगड हवा, कारण तो हैदराबादकडून 44 नंबरच्या महामार्गानं थेट दारात येतो. सासूबाई कलबुर्गीकडच्या शहाबादीवर ठाम. ओट्याला मात्र काळा कडप्पा, यावर एकमत. भांडण रंगलं की कुणी आठवण करून देत नाही, की ही सगळी चुनखडीचीच भावंडं आहेत.

आणि खरी बोंब तर पुढेच आहे. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, वणी-झरीच्या पट्ट्यात, चुनखडीचे थर पडलेत. त्या दगडाचं आपण काय करतो? राजूरला भट्टीत घालून चुना, मुकुटबनला कारखान्यात घालून सिमेंट. घरच्या दगडाची भुकटी करायची आणि परप्रांतीय दगडाला पायघड्या घालायच्या! शोभतं का हे?

दुकानातला तमाशा तर बघण्यासारखा. पूर्वी माणूस भाव विचारायचा, आता खिशातून लिंबू काढतो! नमुन्याच्या तुकड्यावर थेंब पिळायचा. बारीक बुडबुडे आले आणि पुसल्यावर तिथली चमक गेली, की समजायचं चुनखडी अस्सल. मग पाण्याचा थेंब. दगड लगेच काळवंडला तर तो तहानलेला, उद्या तेलही तसाच पिणार. मग बोटाच्या पेरानं ठोकायचं. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर आत चीर. कडेनं पापुद्रे सुटत असतील तर परत. जाडी सारखी नसेल तर परत. सगळा माल एकाच लॉटमधला हवा, तोही उन्हात नेऊन बघायचा. इतकी चौकशी आमच्याकडे जावयाचीही होत नाही.

एवढं करून घरी आणलेली फरशी काही जण थेट काळ्या मातीच्या भरावावर बसवतात, तेव्हा मात्र थट्टा बाजूला ठेवून कपाळावर हात मारावासा वाटतो. कापसाला पोसणारी ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यासोबत फरशीही उठते-बसते. काळी माती उपसा, मुरूम टाका, पाणी मारून चोपा, मगच मिस्त्रीला बोलवा. पण मुरमाचा फोटो कुणाला दाखवता येत नाही ना!

फरशी बसली की घरात आणीबाणी लागते. मे महिन्याच्या भर उन्हात पाहुण्याला लिंबू सरबत बंद, ताक बंद, कैरीचं पन्हं तर थेट हद्दपार! कारण चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कुठलाही आंबट पदार्थ सांडला की तो दगडाचा वरचा थर खातो. एका घरी नव्या कडप्प्यावर देवाचा तांब्या चिंचेनं घासला. तांब्या लखलखला, खाली मात्र बुडाएवढं फिकट वर्तुळ उमटलं. ओलं केलं की दिसेनासं, वाळलं की पुन्हा हजर! घरच्यांनी साबण, सोडा, राख सगळं घासून पाहिलं. पण तो डाग नव्हताच. दगडाचा पृष्ठभागच झिजला होता, आणि त्यावर पुन्हा पॉलिश हाच इलाज.

यापुढची गोष्ट तर कानावर हात ठेवावेत अशी. न्हाणीत बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर साचला, की मंडळी ॲसिडची बाटली उपडी करतात. अहो, तो क्षार आणि ती फरशी एकाच कुळातले! क्षाराला खाणारं ॲसिड फरशीला नातेवाईक म्हणून सोडून देईल होय? सिमेंटचे शिंतोडे काढायला काही मिस्त्रीही पहिल्याच दिवशी हाच प्रताप करतात. त्यापेक्षा न्हाणीत ढाळ नीट काढा, अंघोळीनंतर पाणी ओढून घ्या, आणि पुसायला सौम्य साबणाचं पाणी वापरा.

नवरात्रात केळापूरच्या जगदंबेचं दर्शन घेऊन पाहुणे घरी टेकतात, तेव्हा यजमानीण पायांवर पाणी घालते. भक्तिभाव म्हणाल, तर तसं नाही. पायाला चिकटून आलेल्या रेतीचा धाक! कठीणपणाच्या मोजपट्टीवर चुनखडीतलं खनिज 3 वर आणि रेतीतली गारगोटी 7 वर. एकेक कण ओरखडा काढून जातो. दाराशी जाड पायपोस टाका आणि रोज मऊ झाडू फिरवा, एवढ्यानं निम्मं काम होतं.

आणि मुलतानी माती! तिच्यावर आजवर चेहऱ्याचा हक्क होता. आता फोडणीचं तेल सांडलं, की फरशीला तिचा लेप लागतो. वरून प्लास्टिक झाकायचं, मग उघडून वाळू द्यायचं. वाळताना माती तेल ओढून घेते. हसू नका, पुरातत्त्व खातं ताजमहालाच्या संगमरवरालाही मुलतानीचेच लेप लावतं. फरशीवर सीलर मारला असेल तर तेल मुरायला वेळ लागतो आणि पुसायला सवड मिळते. पण "आता काहीही सांडा" असं विकणाऱ्याचं ऐकू नका. लिंबापुढे सीलरही हात टेकतो.

सगळ्यात ताजी खबर तर ऐका. काही घरांत पॉलिशवाल्याला जादा पैसे देऊन फरशीची चमक उतरवून घेताहेत! "मॅट पाहिजे" म्हणे. आधी चमकेसाठी खर्च, मग चमक घालवायला खर्च! आम्ही ओट्यावर बसून तोंडसुख घ्यायच्या तयारीतच होतो, तेवढ्यात जाणत्या मिस्त्रीनं सांगितलं, की चमक नसली तर आंबटानं झिजल्याच्या खुणा डोळ्यांत भरत नाहीत आणि ओल्या पायानं माणूस घसरतही नाही. झालं! वेडातूनच शहाणपण निघायला लागलं, तर आम्ही चर्चा तरी कशाची करायची?