शब्दांची फौजदारी

टेक्निकल रायटर म्हणजे इंजिनिअरांनी लिहिलेलं माणसांना कळेल असं पुन्हा लिहिणारा प्राणी. पगार इंजिनिअरपेक्षा कमी, माज मात्र जास्त. पुण्यातल्या एका कंपनीत मी हे काम करतो. आमचा माल म्हणजे एक क्लायंट लायब्ररी. तुमच्या प्रोग्रॅमला वेबवरच्या सर्व्हरशी बोलायचं असलं, की रिक्वेस्ट पाठवणं, उत्तर आणणं, कनेक्शन सांभाळणं ही हमाली ती करते. तिचं इंग्रजी डॉक्युमेंटेशन माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा त्यात एकाच वस्तूला चार नावं होती. घरी बाळू, शाळेच्या दाखल्यावर पांडुरंग आणि रेशनकार्डावर तिसरंच काहीतरी, तसला प्रकार.

लिहिणारे इंजिनिअर वेगवेगळ्या मुलखांतून आलेले. पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’वर वाढलेला पोरगा त्या वस्तूला ‘सेशन’ म्हणे. ‘लिबकर्ल’ वापरता वापरता केस पिकलेले गृहस्थ ‘हँडल’ म्हणत. गो आणि जावावाले ‘क्लायंट’. आणि कुणीतरी, बहुधा शुक्रवारी संध्याकाळी, ‘कनेक्शन’ लिहून घरी गेला होता.

मी फौजदारी हाती घेतली. एक्सेल शीट उघडलं. एका रकान्यात ‘ग्राह्य’, दुसऱ्यात ‘वर्ज्य’. ‘क्लायंट’ ग्राह्य, बाकी तिघं तडीपार. मीटिंगमध्ये कुणी ‘सेशन’ म्हणालं की मी खाकरायचो. पुढेपुढे लोक माझ्यासमोर नुसतं ‘ती वस्तू’ म्हणू लागले. हा माझा दरारा आहे, असं मी समजत होतो.

मग एका रात्री, ऑफिसात कुणी नाही असं पाहून, मी सगळ्या फायलींवर फाइंड-रिप्लेस चालवलं. ‘पूर्ण शब्दच जुळवा’ नावाची एक चौकट असते. तिच्यावर टिक करायची असते. असो.

सकाळी ‘एरर हँडलर’चा ‘एरर क्लायंटर’ झालेला होता. ‘सेशन कुकी’ची ‘क्लायंट कुकी’ झाली होती. कोडच्या नमुन्यांतला ‘कनेक्शन: कीप-अलाइव्ह’ हा हेडर ‘क्लायंट: कीप-अलाइव्ह’ होऊन बसला होता. याचा पत्ता बरेच दिवस कुणालाच लागला नाही, कारण अनोळखी हेडर आला तर सर्व्हर त्याच्याकडे बघत नाही आणि एचटीटीपी १.१मध्ये कनेक्शन तसंही चालूच राहतं. असा सोशिक प्रोटोकॉल लाभला म्हणून माझ्यासारख्यांची नोकरी टिकते.

सगळ्यात महागात पडला तो ‘कनेक्शन पूल’. मूळ वाक्य होतं: क्लायंट एकदाच तयार करा आणि तोच वापरत राहा, कारण कनेक्शनचा पूल त्याच्या पोटात असतो. माझ्या संस्कारानंतर क्लायंटच्या पोटात क्लायंटचा पूल आला. एका ग्राहकाने त्यातून भलताच बोध घेतला आणि दर रिक्वेस्टला नवा क्लायंट काढायला सुरुवात केली. दर वेळी नवं कनेक्शन, नवा टीएलएस हँडशेक. बंद केलेलं कनेक्शनही लगेच मरत नाही. लिनक्सवर ते साधारण ६० सेकंद पोर्ट अडवून बसतं. असे पोर्ट नेहमीच्या सेटिंगला ३२७६८ ते ६०९९९ एवढेच. ते संपले, आणि त्यांचा प्रोग्रॅम घसा बसल्यासारखा गप्प झाला. सपोर्टच्या तिकिटावर त्यांनी नम्रपणे विचारलं होतं, ‘एका क्लायंटमध्ये किती क्लायंट असावेत?’

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी मात्र स्पेलिंगकडे वळलो.

आपण कुठल्या पानावरून आलो हे सांगणारा ‘रेफरर’ नावाचा हेडर असतो. इंग्रजीत त्याच्या पोटात दोन आर हवेत. आमच्या नमुन्यांत सगळीकडे एकच. मी हळहळलो, दुसरा आर जागोजाग बसवला आणि कमिटच्या निरोपात ‘लाजिरवाणी चूक दुरुस्त’ असं लिहिलं. चूक होती खरी, पण ती आमची नव्हती. १९९६च्या आरएफसी १९४५ या वेबच्या नियमावलीतच तो शब्द एका आरचा छापला गेला आहे, आणि त्या दस्तऐवजावर खुद्द टिम बर्नर्स-ली यांचं नाव आहे. तेव्हापासून सगळं वेब ती चूक निष्ठेने पाळतं. आमचा नमुना उतरवून घेणाऱ्यांना फोटोंच्या सर्व्हरवरून ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाही’, असे निरोप मिळू लागले, कारण तो सर्व्हर एका आरची वाट पाहत होता. पुढे आलेल्या ‘रेफरर-पॉलिसी’ या हेडरमध्ये मात्र दोन्ही आर आहेत. म्हणजे या घरात बाप एका आरचा आणि लेक दोन आरची.

टीम लीड मॅडमनी बोलावलं. ‘अरे, कोडमधल्या शब्दांना हात का लावलास?’

‘मॅडम, एकवाक्यता...’ 

‘ती वाक्यात आण. कोडमध्ये आम्ही बघतो.’

मी प्रमाणभाषेचा दाखला काढला. माझ्या शीटमध्ये ‘पेलोड’ ग्राह्य होतं, २०१४च्या आरएफसीचा आधार देऊन. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. १९९९च्या आरएफसी २६१६मध्ये जिथे ‘एन्टिटी’ होतं, तिथे २०१४मध्ये ‘पेलोड’ वगैरे आलं, आणि २०२२च्या आरएफसी ९११०मध्ये त्याचंही ‘कंटेंट’ झालं आहे. मी ज्यांच्या नावाने दंडुका आपटत होतो, त्यांनीच दोनदा शब्द बदलले होते.

आता शीट गेलं. त्याच्या जागी ‘वेल’ नावाचा लिंटर आहे. तो मजकुरातले वर्ज्य शब्द पकडतो आणि कोडचे तुकडे सोडून देतो. थोडक्यात, माझ्यापेक्षा त्याला जास्त पोच आहे. सगळ्या मुदतींना ‘टाइमआउट’ हा एकच शब्द लावायची माझी योजनाही बारगळली. कनेक्शन जुळण्याची मुदत वेगळी, पुढचा बाइट येण्याची मुदत वेगळी, आणि पूर्ण उत्तर उतरायला लागणारा वेळ या दोन्हींत धरलेलाच नसतो. तिथे तीन नावंच हवीत, हे आता मीच नव्या पोरांना खाकरत सांगतो.

राहता राहिला ‘क्लायंटर’. ती आवृत्ती मागे घेईपर्यंत एका मोठ्या ग्राहकाने त्या नावाचा क्लास लिहून आपल्या सगळ्या टीमना वाटला होता, आणि आता तो बदलणं त्यांना परवडत नाही. सपोर्टच्या आग्रहावरून आमच्या अधिकृत शब्दावलीत, माझ्याच हस्ते, ‘ग्राह्य’ म्हणून तशी नोंद झाली आहे: क्लायंटर, हँडलर पाहा.